नव्वद जागांत बैठकीची लावणी: काय रंगलं, काय फसलं

पुण्यातल्या एका छोटेखानी सभागृहात नुकत्याच झालेल्या बैठकीच्या लावणीच्या कार्यक्रमाबद्दल हे लिहितोय. गायिका सत्तरी ओलांडलेल्या. उमेदीची सगळी वर्षं संगीत बारीत (थिएटरांत लावणी गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या पार्टीत) काढून मग घरी बसलेल्या, आणि आता काही अभ्यासकांच्या आग्रहाने पुन्हा गाऊ लागलेल्या. त्यांचं नाव इथे देत नाही. घरच्यांच्या इच्छेवरून आयोजकांनीही ते जाहिरातीत छापलं नव्हतं, थेट मंचावरूनच सांगितलं. बारीतल्या कलावंतांच्या बाबतीत हे नवीन नाही. नातवंडांच्या सोयरिकी जुळायच्या असतात. सभागृहाचंही नाव नको, कारण त्याबद्दल फारसं बरं लिहिण्यासारखं नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. असा कार्यक्रम पुन्हा लागला तर जरूर जा, पण पुढे बसा. मागून पाहणार असाल तर चारशे रुपये वाचवा.

हे चारशे रुपये महाग वाटत असतील तर थोडा हिशेब करू. जागा नव्वद. हॉल खच्चून भरला तरी तिकिटांचे छत्तीस हजार येतात. त्यात हॉलचं भाडं, ध्वनी आणि प्रकाशवाल्याचे पैसे, बाहेरगावाहून आलेल्या सात माणसांचा प्रवास, मुक्काम, जेवण, आणि मग मानधन. पेटी, तबला, ढोलकी, तुणतुणं, बाई, त्यांच्यामागे झील धरणारी (मागून सूर पुरवणारी) एक आणि नाचणारी एक असा सात जणांचा संच होता. आयोजकांनी पदरचे घातले असणार हे उघड आहे. त्यामुळे पुढे जी नावं ठेवली आहेत ती त्यांच्या हेतूला नाहीत. चुका बहुतेक फुकटात दुरुस्त होण्यासारख्या होत्या, म्हणूनच त्या जास्त खटकल्या.

आधी बसण्याबद्दल, कारण या प्रकारात अर्धं सुख तिथेच ठरतं. मंच म्हणजे नऊ इंचांचा पाट. पुढे गाद्यांच्या दोन रांगा, मागे खुर्च्या, आणि जमीन सपाट. गायिका मांडी घालून बसली की तिचा चेहरा जमिनीपासून जेमतेम सव्वातीन-साडेतीन फुटांवर येतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाची नजर साधारण चार फुटांवर असते, म्हणजे चौथ्या रांगेपासून पुढच्यांची डोकी थेट चेहऱ्याच्या आड. उभ्या गायकाला नऊ इंच पुरतात. बसलेल्या गायिकेला सपाट हॉलमध्ये किमान दीड-दोन फुटांचा मंच हवा. भाड्याच्या लाकडी लेव्हल (मंचाचे चौथरे) दोन थर लावल्या असत्या तरी काम झालं असतं. त्या पोकळ वाजतात ही अडचण आहे खरी, त्याबद्दल पुढे सांगतो.

बैठकीच्या लावणीत चेहरा दिसणं ही चैन नाही, मूळ गरज आहे. फडावरच्या लावणीत ढोलकी, पायातले चाळ आणि ठसका शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचतात. बैठकीतली लावणी मात्र होनाजी बाळाच्या काळापासून रागदारीकडे झुकलेली. लय संथ, गायिका बसलेली, आणि सगळा डाव नजर, भुवई, मान, बोटं आणि पदर यांवर. शब्द गळ्यातून येतात, त्यांचा अर्थ चेहरा लावतो.

त्या दिवशी हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते गवळणीनंतरच्या दुसऱ्या लावणीत. ठेका संथ केरव्याचा, अंग खमाज रागाचं. उशिरा आलेल्या सख्याला एकच साधा प्रश्न, इतका उशीर का, आणि बाईंनी ती ओळ मोजून अकरा वेळा घेतली. पहिल्या दोन वेळा काहीच केलं नाही. नजर खाली, हात मांडीवर. शब्द कानात नीट बसावेत एवढाच हेतू. तिसऱ्या वेळी कपाळाला बारीकशी आठी. चौथ्या वेळी तेच सूर, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू, आणि रागाची जागा चेष्टेने घेतली. पाचव्या वेळी जोर ‘उशीर’वरून ‘का’वर सरकला. सहाव्या वेळी पदराच्या चुण्या बोटाने एकेक करून मोजल्या, म्हणजे रात्रीचे किती प्रहर वाट पाहिली त्याचा हिशेब. सातव्या वेळी त्यांनी नुसती नजर उचलून प्रेक्षकांच्या मागच्या दाराकडे पाहिलं, आणि पुढच्या दोन्ही रांगा खरोखर मागे वळल्या. आठव्या वेळी अर्धीच ओळ गायली. उरलेली पेटीवर वाजली आणि ती पूर्ण केली डोळ्यांनी. पुढच्या तीनांत प्रश्नाचा सूर विनवणीपर्यंत खाली येत गेला आणि अकराव्याच्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मानेचा हलका झटका देऊन सोडला. मग लग्गी, म्हणजे तबल्याची उडती, जलद लय.

यात कारागिरी कुठे आहे ते नेमकं पाहण्यासारखं आहे. अकरा वेळांत चाल जवळजवळ बदलत नाही. ठुमरीत बोल बनवताना सुरांची वळणं बदलत जातात आणि अर्थ त्यांच्या मागोमाग येतो. इथे चाल मुद्दाम स्थिर ठेवलेली असते, म्हणूनच नजर बदलली की अर्थ बदलल्याचं ऐकणाऱ्याला चटकन कळतं. दोन्ही एकदम बदललं तर काय बदललं हेच समजत नाही. नव्या मुली ही लावणी बसवताना नेमक्या इथेच अडखळतात. चौथ्या वेळेपासून त्यांना ताना घ्यायची घाई होते, शाबासकी गळ्याला मिळते आणि अदा (चेहऱ्याचा, हातांचा अभिनय) वाया जाते. सत्यभामाबाई पंढरपूरकर, यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या लावणीतल्या नामवंत गायिकांचं नाव अजून निघतं ते एका ओळीत मुक्काम करायच्या या धीरामुळे.

आता आवाज. सत्तरीपुढच्या गळ्याकडून तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) खडी टीप मागणं हा अडाणीपणा आहे, आणि बाईंनी ती दिलीही नाही. वयाबरोबर बायकांचा आवाज खाली उतरतो आणि श्वास आखूड होतो. प्रश्न असतो तो गायिका त्यावर काय तोड काढते याचा. बाईंची तोड नामी होती. जिथे पूर्वी लांब ठेवलेला सूर असणार तिथे त्यांनी छोटी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ठेवली. वर चढायची जागा आली की पंचमावर थांबून शब्द नुसता बोलल्यासारखा टाकायच्या, आणि वरची टीप मागची मुलगी घ्यायची. श्वास ओळीच्या मध्ये तुटायचा, पण शब्दाच्या मध्ये एकदाही नाही. कार्यक्रम ऐकायला जाल तेव्हा या एका गोष्टीवर कान ठेवा. जुन्या तालमीतली गायिका दम कुठेही भरेल, शब्द मात्र फोडणार नाही.

सुराचा गोंधळ व्हायचा तो साथीत झाला. सुरुवात काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, केली. मुजरा (सुरुवातीचा वंदनाचा नाच) आणि गवळण पार पडली, पण गवळणीच्या शेवटी गळा ओढला जातोय हे दिसत होतं. दोन लावण्यांनंतर सूर काळी चारवर उतरवायचं ठरलं. निर्णय बरोबर, वेळ चुकीची. पेटी स्केल चेंजरची (पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी) असल्याने पेटीवाल्याचं काम काही सेकंदांत झालं. तुणतुण्याची तार ढिली करायला अर्धा मिनिट पुरला. अडलं ते तबल्यावर. दायाँ (उजव्या हाताचा तबला) एक अख्खा स्वर खाली आणायचा म्हणजे गट्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) वर सरकवणं, गजऱ्याला (पुडीच्या विणलेल्या कडेला) खालून हातोडी, सगळी घरं पुन्हा मिळवणं. चार-पाच मिनिटं कुठेच जात नाहीत. शिवाय इतका उतरवलेला दायाँ आस (गुंजत राहणारा सूर) सोडतो, पुडी ढिली पडून ‘ना’ बसका वाजतो. तेच झालं.

यावर साधे दोन उपाय आहेत. एक तर मोठ्या तोंडाचा, खालच्या सुराचा दुसरा दायाँ बरोबर ठेवायचा. नाहीतर तबला षड्जात न लावता मध्यमात लावायचा. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, तिथे नेहमीचा लहान तोंडाचा दायाँ खणखणीत वाजतो. खमाज, पिलू, भैरवी या सगळ्यांत शुद्ध मध्यम आहे, म्हणजे कानाला खटकायचंही कारण नाही. यमनकडे झुकलेली चाल असती तर ही सोय चालली नसती, पण त्या दिवशीच्या यादीत तसं काही नव्हतं. सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे ताकद आजमावण्याच्या भरीला न पडता पहिल्यापासूनच काळी चारला बसणं. दुपारच्या तालमीत गळा ताजा असतो, रात्री साडेआठला नसतो. सूर तालमीवरून ठरवला की हे असंच होतं.

ढोलकीवाल्यांनी मात्र शहाणपणा केला. दोन ढोलक्या आणल्या होत्या, दोन वेगळ्या सुरांत लावलेल्या. बैठकीच्या लावण्यांना ढोलकी बाजूला ठेवून तबलाच वाजवला आणि ढोलकी फक्त मुजऱ्याला आणि शेवटच्या छक्कडीला (खट्याळ, चपळ लावणीला) उचलली. एसीत कातडं कोरडं होऊन चढतं, पावसाळी हवेत उतरतं. त्यामुळे बाहेर लावलेली ढोलकी हॉलमध्ये तशीच राहात नाही हे ओळखून त्यांनी वाद्यं अर्धा तास आधीच मंचावर आणून ठेवली होती. तबलाही तसाच ठेवायला हवा होता.

आवाजाची यंत्रणा हा सगळ्यात मोठा वैताग. नव्वद माणसांच्या, खालच्या छताच्या हॉलमध्ये एका बसक्या मैफलीला खरं तर एकच माइक पुरतो, तोही नावाला. इथे सहा होते. ढोलकीला दोन, तबल्याला दोन, पेटीला एक, बाईंना एक. एवढ्याशा खोलीत ढोलकीला माइक कशासाठी? तिच्या शाईच्या बाजूची थाप बिनमाइकची रस्त्यापर्यंत ऐकू जाते. ती मोठी केली म्हणून बाईंचा आवाज वाढवावा लागला, तो वाढवला म्हणून माइक शिट्टी मारायला लागला, शिट्टी मारायला नको म्हणून बाईंना माइकच्या अगदी जवळ बसवलं. जवळ बसवल्यावर आवाजातला खर्ज फुगला, श्वास ऐकू येऊ लागले आणि चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग माइकच्या गोळ्याआड गेला. वर ऑर्केस्ट्रात देतात तसा इको. शब्दावर चालणाऱ्या गायकीत इको टाकणं म्हणजे एका ओळीवर दुसरी ओळ लिहिणं. जोडाक्षरं सगळी विरघळली.

दुसरी अडचण मानेची. अदा करणारी गायिका सरळ समोर पाहून गात नाही. मान वळली की एका दिशेने ऐकणारा माइक तिला सोडून देतो, आणि नेमकी लाडिक जागा हळू ऐकू येते. ध्वनीवाला दर वेळी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर-खाली करत त्याच्यामागे धावत होता, आणि दर वेळी एक शब्द उशिरा पोचत होता.

हे करायचं कसं, तर स्टँड आखूड, माइक छातीच्या खाली, हातभर अंतरावर, तोंड वरच्या दिशेने. चेहरा मोकळा राहतो, हाताला अडत नाही, आणि मान वळली तरी फरक थोडा पडतो. शंभर हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं, इको बंद, तबला-पेटी-ढोलकी बिनमाइकची, आणि त्यांना बाईंच्या आवाजाकडे पाहून वाजवायला सांगायचं. चांगले साथीदार ते न सांगताही करतात, फक्त समोर माइक दिसला की त्यांचाही हात मोकळा सुटतो. पोकळ मंचावर नाच असेल तर चाळांचे धक्के लाकडातून स्टँडमध्ये चढतात आणि स्पीकरमधून धबधब येतात. स्टँडखाली दुमडलेली जाड सतरंजी ठेवली की बरंचसं थांबतं. मुजऱ्याच्या वेळी हा धबधबाट इतका होता की ढोलकीची धुम कुठली आणि पाय कुठले ते कळेना.

मध्यंतरात कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण दुसऱ्या भागात इको गेला, ढोलकीचे माइक बंद झाले आणि बाई हातभर मागे बसल्या. हॉल बदलल्यासारखा वाटला. पहिल्या भागात मागे बसलेल्यांना जे गाणं ठीकठाक वाटलं असेल, ते दुसऱ्या भागात शब्दासकट पोचलं.

प्रकाशाचंही तेच. पहिल्या भागात दोन्ही बाजूंनी लाल आणि जांभळा उजेड, समोरून अंधार, आणि प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण बंद. लाल उजेडात भुवई दिसत नाही, आणि ओठांवरचा रंगही उडतो. चेहऱ्याला साधा, पिवळसर पांढरा उजेड हवा, समोरून दोन्ही बाजूंनी तिरका, म्हणजे सावली नाकाखाली न साचता गालावर पडते. याहून महत्त्वाची गोष्ट प्रेक्षागृहातल्या दिव्यांची. बैठकीत गायिका कुणाला तरी उद्देशून गाते. समोर बसलेल्यांतला एक चेहरा ती निवडते, त्याला प्रश्न विचारते, त्याची फजिती करते, मग दुसऱ्याकडे वळते. समोर काळोख असला तर निवडणार कुणाला? पहिल्या भागात बाई बहुतेक वेळ पुढच्या गादीवरच्या दोघा-तिघांकडेच पाहात होत्या, कारण दिसत तेवढेच होते. दुसऱ्या भागात कुणी ठरवलं की विसरलं कोण जाणे, पण मध्यंतरात लावलेले हॉलचे दिवे तसेच राहिले. तिसऱ्या रांगेतल्या एका चश्मेवाल्या गृहस्थांची पुढे जी काही हालत झाली ती पाहण्यासारखी होती. प्रेक्षागृहातला उजेड एक तृतीयांशावर ठेवा, एवढं ज्याला जमेल त्याने आयोजकांच्या कानावर घालावं.

नाचणाऱ्या मुलीबद्दल एक. पाय स्वच्छ, लय पक्की, मुजऱ्यात तिने चाळांवर धरलेला तोल सुरेख. पण बैठकीच्या लावणीत बाई बसून अदा करत असताना ती मागे उभी राहून त्याच ओळीवर आपली अदा करत होती. एका ओळीला दोन चेहरे झाले आणि नजर दोघींमध्ये हेलपाटे घालत राहिली. अशा वेळी नाचणारीने खाली बसून झील धरावी, किंवा फक्त ओळ संपल्यावरच्या लग्गीत उठावं. विरहाच्या बालेघाटी लावणीला ती बसली होती, आणि कार्यक्रमातला सगळ्यात भारी ऐवज तोच ठरला. ठेका इतका संथ की तबलेवाल्याची परीक्षा. बाईंचे हात पूर्ण वेळ मांडीवर, अदा फक्त पापण्यांत. गळा त्या वेळेपर्यंत थकला होता, आणि त्या थकव्याचाही त्यांनी उपयोग करून घेतला.

निवेदन हा दुखरा विषय. सुरुवातीला अठरा मिनिटं भाषण, मग प्रत्येक गाण्याआधी तीन-चार मिनिटं. ‘लुप्त झालेली कला’, ‘विस्मृतीत गेलेला हिरा’ वगैरे. यातली माहिती अर्धवट आहे. चौफुला, मोडनिंब, जामखेड, सणसवाडी इथल्या थिएटरांत संगीत बारीच्या पार्ट्या गातात-नाचतात, आणि पुण्याच्या आर्यभूषण थिएटरचं नाव या धंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. लुप्त काही झालेलं नाही. तिकीट काढून खुर्चीत बसणारा प्रेक्षक तिकडे जात नव्हता, इतकंच. यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. फिल्मी लावणीचा ठसका घराघरात पोचवणाऱ्या सुलोचना चव्हाणांनाही ती २०२२ मध्ये, म्हणजे अखेरच्या वर्षी मिळाली. उशीर कुणी केला हे या तारखांवरून दिसतं. निवेदकाने हे सांगितलं असतं तर अठरा मिनिटं सत्कारणी लागली असती.

निवेदनाचा खरा उपयोग जिथे होता तिथे नेमका निवेदक गप्प. तबला उतरवायला गेलेली ती पाच मिनिटं हॉल नुसता हातोडीचा टकटकाट ऐकत बसला. त्या वेळात लावणीचे चार कठीण शब्द उलगडून सांगता आले असते. जुन्या रचनांत दागिन्यांची, कापडाची, प्रहरांची नावं येतात. ती ठाऊक नसतील तर अदा अर्धीच कळते. छापील पानावर शब्द दिले तर मात्र लोक कागदात डोकं घालून बसतात, चेहरा पाहात नाहीत. म्हणून अर्थ आधी तोंडी सांगायचा आणि कागद नंतर, जाताना द्यायचा.

प्रेक्षकही काही सगळे सज्जन नव्हते. काही जण परीक्षेला बसल्यासारखे चिडीचूप, काही जण दर ओळीवर टाळ्या. दोन्हींनी नुकसान होतं. समेवर ‘व्वा’ जावा, तो गायिकेला पुढची ओळ वेगळी घ्यायचं निमित्त देतो. ओळीच्या मध्ये टाळ्या पडल्या की पुढचा शब्द बुडतो. शिट्टीला बाईंची ना नव्हती, छक्कडीच्या वेळी त्यांनी स्वतःच भुवई उडवून ती मागितली. एकाने पाचशेची नोट उंचावली तेव्हा आयोजकांनी त्याला खाली बसवलं, ते बरं केलं. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांनी खूश होऊन पैसे देणं, हा थिएटरातला व्यवहार आहे, तिथे त्याचे नियम असतात आणि पैशाच्या वाटण्याही. तिकिटाच्या कार्यक्रमात द्यायचंच असेल तर संपल्यावर पाकीट, आणि तेही साथीदारांना विसरून नको.

मोबाइलवर चित्रीकरणाला मनाई होती आणि ती नीट पाळली गेली. घरच्यांची अडचण लक्षात घेता हे आवश्यकच आहे. पण आयोजकांनी स्वतः, बाईंच्या परवानगीने, फक्त संग्रहासाठी तरी ध्वनिमुद्रण करायला हवं. या मंडळींकडच्या बऱ्याच चाली कुठेच लिहिलेल्या नाहीत. लिहिल्या तरी स्वरलिपीत अदा उतरत नाही, म्हणून एक स्थिर कॅमेरा चेहऱ्यावर आणि एक हातांवर, एवढं पुरे. मालकी कुणाची, दाखवायचं कुणाला आणि पैसे आले तर कुणाला, हे आधी कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद बाईंना वाचून दाखवावा.

किरकोळ बाबी: चहा बरा, स्वच्छतागृह एकच, मध्यंतर पंधराऐवजी पस्तीस मिनिटं चाललं. पार्किंग नाही म्हणूनच समजा. लिफ्ट नाही आणि हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे. सत्तरीच्या गायिकेला दोन मजले चढवून वर लगेच गायला बसवणं हे बैठकीच्या तब्येतीला धरून नाही, निदान तास आधी तरी आणायला हवं होतं. शिवाय एसीचा झोत थेट मंचावर होता, आणि बाई दर गाण्यानंतर कोमट पाणी मागत होत्या.

फिल्मी लावणीच्या हिशेबाने जाणाऱ्यांची निराशा होईल, कारण वेगवान ढोलकी दोन तासांत जेमतेम वीस मिनिटं आहे. ठुमरी-दादरा ऐकणाऱ्यांना बरंच ओळखीचं सापडेल. लहान मुलांना नेलंत तर काय गातात ते त्यांना विचारावंसं वाटेल, तेव्हा उत्तराची तयारी ठेवूनच न्या.

तिकीट काढताना गादीवरची जागा मागा. मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्च्यांची पहिलीच रांग, मंचाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताची. पेटीवाला दुसऱ्या अंगाला बसतो आणि बाईंची मान बहुतेक वेळ प्रेक्षकांच्या डाव्या हाताला वळते. पुढच्या वेळी मंच उंच केला आहे का, एवढं फोनवर विचारून घ्या. नाही म्हणाले तर तिसऱ्या रांगेच्या मागचं तिकीट घेऊ नका.